चाळीसला चार कमी

सलूनवाल्याच्या दुकानात नंबराला फार मान होता. तीन खुर्च्या, समोर भिंतभर आरसा, मागे एक लाकडी बाक. बाकावर जो आधी टेकला त्याची दाढी आधी, नंतर आलेला मग कुणी का असेना. एकदा एक गृहस्थ धापा टाकत आला. "दादा, आई इस्पितळात आहे, पटकन उरका." बाकावरच्या चौघांनी माना डोलावल्या, सलूनवाल्याने त्याला आधी घेतलं, आणि अर्ध्या तासाने तोच गृहस्थ समोरच्या चहाच्या टपरीवर पत्ते कुटताना दिसला. त्या दिवसापासून सलूनवाल्याने कानाला खडा लावला. कुणी कितीही रडका चेहरा करून आलं तरी तो वस्तरा थांबवायचा नाही. "बसा. नंबर तो नंबर."

या माणसाला एकच मूल, एक मुलगी. तान्ही असताना हातपाय इतके झाडायची की आत्या तिला भिंगरी म्हणू लागली. दीड वर्षाची असताना तिला ताप आला. आठ दिवसांनी गेला, पण जाताना कमरेखालची सगळी ताकद घेऊन गेला. नाव मात्र राहिलं. बदलायचं कुणाला सुचलंही नाही.

सहाव्या वर्षी तो तिला कडेवर घेऊन सरकारी शाळेत गेला. मोठ्या बाई वाईट नव्हत्या. त्यांनी मुलीच्या गालाला हात लावला, तिला पाढे विचारले, तिने बाराचा पाढा घडाघडा म्हटला तेव्हा त्यांचे डोळेही मोठे झाले. मग म्हणाल्या, "हुशार आहे हो. पण हिला बसवू कुठे, नेऊ-आणू कुणाला सांगू? आमच्याकडे अशा मुलांची सोय नाही."

"सोय करायची म्हटली तर?"

"तसा कायदा नाही."

हे वाक्य सलूनवाल्याला चावलं. कायदा नाही म्हणजे काय, कायदा माणसंच करतात ना? त्याच्या दुकानात एक पेन्शनर काका यायचे. जन्म कोर्टात कारकुनी करण्यात गेलेला. डोक्यावर केस नावाला, पण दर पंधरवड्याला हजर. त्यांनी अर्ज लिहून दिला. मग दुकानात नवा नियम निघाला, अर्जावर सही केल्याशिवाय मानेभोवती कापड बांधायचं नाही.

"अरे, मी सही करीन, पण आधी कल्ले तरी सारखे कर," एक जण म्हणाला.

"सही करा, दोन्ही सारखे होतील. नाही केलीत तर माझा हात हलतो."

सह्यांची भेंडोळी वर्षभर वर जात राहिली. दुसऱ्या गावांतूनही अशीच गेली असणार, कारण शेवटी सरकारने कायद्याचा मसुदा केला आणि तो लोकांपुढे ठेवायला एक समिती आली.

सुनावणी सार्वजनिक सभागृहात होती. पंखे घरघरत होते, तीसेक आईबाप पुढच्या खुर्च्यांवर अवघडून बसले होते. मसुदा वाचून झाला. कोणत्याही सरकारी शाळेला अपंग मूल परत पाठवता येणार नाही. त्याचा वर्ग तळमजल्यावर. चाकाची खुर्ची, एक मदतनीस बाई, ने-आण करायला गाडी. काकांनी त्याच्या गुडघ्यावर थोपटलं.

मग समितीचे साहेब चष्मा पुसत म्हणाले, "एक अडचण आहे. उद्या कुणीही उठेल, पोराचा पाय मुरगळला म्हणेल आणि गाडी मागेल. काहीतरी मर्यादा हवी. तुम्हाला काय वाटतं?"

पुढच्या खुर्च्यांवरचे एकमेकांकडे बघू लागले. सलूनवाल्याला मात्र टपरीवर पत्ते कुटणारा तो गृहस्थ लख्ख दिसला. तो उभा राहिला. "हवीच, साहेब. खोटे घुसले की खऱ्यांचा नंबर लागत नाही."

साहेबांना हायसं वाटलं. "बरोबर बोललात. तर वैद्यकीय मंडळ तपासेल. अपंगत्व शंभरात चाळीस किंवा वर, त्यांना सोयी. चालेल?"

"चालेल."

काकांनी त्याचा सदरा खाली ओढला. "आकडा कबूल करू नकोस," ते कुजबुजले. "आकडा एकदा कागदावर बसला की उठवता उठत नाही. मी आयुष्यभर पाहिलंय."

"काका, माझी पोर उभीसुद्धा राहत नाही. तिला शंभर देतील."

कारकुनाने नोंद केली, पालकांच्या वतीने संमती. सलूनवाल्याने खाली झोकात सही केली. घरी येऊन बायकोला सांगितलं, "कायद्यावर सही केली आज." बायको भांडी पुसत होती. ती म्हणाली, "आता तुम्हाला अहो म्हणू की सरकार?"

कायदा व्हायला दोन वर्षं लागली. तेवढ्यात इकडे वेगळंच घडलं. इस्पितळात व्यायाम शिकवणाऱ्या एका बाईंनी सलूनवाल्याला दाखवून दिलं, पाय कुठे धरायचा, किती वाकवायचा, कधी सोडायचा. रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी तो भिंगरीला आरशासमोर उभी करायचा. पहिल्या खुर्चीचा हात धर, मग दुसरीचा, मग तिसरीचा. आधी सहा महिने नुसतं उभं राहणं झालं. मग एक पाऊल पडलं. पुढे गिऱ्हाइकं आल्यावरही सराव चालू राहू लागला. बाकावरचे लोक पावलं मोजायचे. एकदा एक जण अर्ध्या दाढीचा फेस तोंडावर घेऊन उठला आणि दाराशी हात पसरून उभा राहिला, "ये, भिंगरे, ये!" ती खुर्ची सोडून त्याच्यापर्यंत गेली. अकरा पावलं. पाय ओढत, कंबर हलवत, पण कशालाही न धरता. सगळ्या दुकानाने टाळ्या वाजवल्या. शेजारच्या इस्त्रीवाल्या ताई निखाऱ्यांची इस्त्री तशीच सोडून बघायला आल्या. त्यांच्या मुलाचीही एक बाजू जन्मापासून अधू होती. "दादा, माझ्या पोराला पण शिकवा," त्या म्हणाल्या. सलूनवाल्याने त्यालाही शिकवलं.

कायदा लागू झाला त्या महिन्यात भिंगरीला मंडळापुढे बोलावलं. लांबट खोली, जमिनीवर रंगाची एक रेघ, टेबलामागे तीन डॉक्टर. मधले डॉक्टर गोड बोलायचे. "काय गं, चालता येतं का तुला?"

भिंगरीने बापाकडे पाहिलं. "दाखवू?"

बापाची छाती फुगली होती. दोन वर्षं त्याने याच घटकेसाठी घालवली असावीत असं त्याला वाटलं. "दाखव ना! घाबरतेस काय?"

ती रेघेवरून चालली. अकरा झाली, बारावं पडलं. डॉक्टर खुर्चीतून उठले. "शाबास! कुणी शिकवलं?"

"मी," सलूनवाला म्हणाला. "दाढी करायला या साहेब, दुकान तुमचंच आहे." त्याचे पाय जमिनीवर नव्हते.

कागदावर छत्तीस लिहिलं होतं. तो कागद त्याने घडी न घालता, सुरकुती पडू नये म्हणून हातात उभा धरून आणला. छत्तीस म्हणजे काय, हे मोठ्या बाईंनी सांगितलं.

"चाळीसच्या खाली आहे हो हे."

"म्हणजे प्रवेश नाही?"

"प्रवेश आहे की! कायद्याने आता कुणाला नाही म्हणता येत नाही. पण सोयी चाळीसच्या वरच्यांना. ही साधी विद्यार्थिनी. हिची इयत्ता दुसऱ्या मजल्यावर भरते."

सलूनवाल्याने जिन्याकडे पाहिलं. "तळमजल्यावरचा एक वर्ग रिकामा दिसतोय, बाई."

"तो त्या मुलांसाठी राखलाय. अजून कुणी आलेलं नाही, पण तपासणी होते ना."

तो समितीच्या कार्यालयात गेला. साहेबांनी त्याला ओळखलं, बसायला सांगितलं, नोंदवही मागवली आणि त्याचीच सही त्याला दाखवली. "मर्यादा तुम्हीच मागितलीत. मी तर फक्त विचारलं होतं." तोंडात मारल्यासारखा तो बाहेर आला. सहा महिन्यांनी फेरतपासणी मागता येते, एवढं कारकुनाने दारात सांगितलं. "प्रकृती ढासळली असेल तर," असंही म्हणाला.

मग तो रोज तिला पाठीवर घेऊन दोन मजले चढू लागला. सकाळी चढवायची, संध्याकाळी उतरवायची. मधल्या सुट्टीत सगळी मुलं खाली पळायची, ही वर एकटी. मोरी तळमजल्यावर. पहिल्या आठवड्यात एकदा तिची पंचाईत झाली, वर्ग हसला. त्यानंतर भिंगरीने शाळेत पाणी पिणंच सोडलं. ही गोष्ट तिने घरी सांगितली नाही. दीड महिन्याने ती तापाने फणफणली आणि लघवीला जळजळ होऊन रडू लागली, तेव्हा आईने खोदून विचारलं आणि सगळं बाहेर आलं. शाळा बंद झाली. भिंगरी दुकानातल्या बाकावर बसून गिऱ्हाइकांची जुनी वर्तमानपत्रं वाचायची, आणि शाळेची घंटा ऐकू आली की कागद तोंडासमोर धरायची.

सहा महिने भरत आले तेव्हा सलूनवाल्याने सुट्टीच्या दिवशी दुकान उघडलं, पडदा आतून ओढून घेतला आणि तिला आरशासमोर उभी केली.

"चाल."

ती चालली.

"आता दुसऱ्या पावलाला पड."

"मुद्दाम?"

"हो."

"आणि तुम्ही ओरडणार नाही?"

"नाही."

तिला गंमत वाटली. ती पडली. पण हात आधी टेकवून, सावधपणे, जसं त्याने दोन वर्षं शिकवलं होतं तसं. "असं नाही," तो म्हणाला. "हात पुढे करायचे नाहीत. गुडघ्यातून सोडून द्यायचं." चौथ्या वेळी तिचा ओठ फुटला. पाचव्या वेळी तिला गंमत वाटत नव्हती. सातव्या वेळी ते बरोबर जमलं. बायको मागच्या दारात उभी होती. ती इतकंच म्हणाली, "हेही तुमच्या कायद्यात लिहिलंय का हो?" आणि कापूस आणायला गेली.

या खेपेला टेबलामागे वेगळ्या डॉक्टरीणबाई होत्या, घाईत होत्या. भिंगरी दुसऱ्या पावलाला पडली. बाई मान वर न करता म्हणाल्या, "आधी छत्तीस कुणी दिले?" आणि बावन्न लिहिलं. "दर वर्षी तपासणी. खोटं आढळलं तर रद्द, वर खटला." बाहेर आल्यावर भिंगरीने विचारलं, "नीट पडले ना?"

"नीट पडलीस."

शाळा मिळाली, आणि खोटं कशाला बोला, चांगली मिळाली. तळमजल्यावरचा वर्ग, खिडकीजवळची जागा, मोरीत नेणारी मदतनीस बाई. भिंगरीला दोन मैत्रिणी झाल्या. त्या तिची खुर्ची आळीपाळीने ढकलत आणि त्यावरून भांडत. सहामाहीला ती वर्गात पहिली आली. घरी ती शाळेबद्दल इतकं बोलायची की आई म्हणायची, "जरा श्वास घे गं." फक्त उभं राहायचं नाही. शाळेत नाही, रस्त्यात नाही आणि दुकानात तर नाहीच, कारण बाकावर आता शाळेचे मास्तरही बसायचे. घरात पलंग आणि भिंत यांच्यामध्ये चार पावलांची जागा होती, तिथे तो तिला रोज चालवायचा. पाय कडक होऊ लागले होते. त्याच्या हातांना ते कळत होतं.

इस्त्रीवाल्या ताईंच्या मुलाला मंडळाने अडतीस दिले. तोही मंडळापुढे सरळ चालला होता, सलूनवाल्याने शिकवल्यासारखा. ताई दुकानात आल्या. "दादा, तुम्हाला छत्तीसचे बावन्न कसे करून मिळाले?"

वस्तरा गिऱ्हाइकाच्या गळ्याजवळ होता. सलूनवाल्याने तो पुसला. "नशीब हो, ताई. दुसरं काय?"

"मग मी पण फेरतपासणी मागते."

"मागा ना."

त्यांनी मागितली. मुलगा पुन्हा जीव तोडून चालला. पुन्हा अडतीस. सलूनवाल्याला त्या आठवड्यात बायकोशीही धड बोलता आलं नाही.

वर्ष झाल्यावर समिती पुन्हा आली. कायद्यात काही दुरुस्ती हवी का, हे लोकांना विचारायचं होतं. तेच सभागृह, तेच पंखे. काकांनी चार ओळींचा अर्ज लिहून दिला होता. चाळीसचा आकडा काढून टाकावा, आणि मुलाला शाळेत बसायला, शिकायला, मोरीत जायला काय लागतं ते त्याला आणि त्याच्या आईबापांना विचारून द्यावं. "यावेळी उभा राहा आणि हे वाच," काका म्हणाले. "मागच्या खेपेचं निस्तर." सलूनवाला त्यासाठीच आला होता. भिंगरी शेजारी चाकाच्या खुर्चीत होती, कारण समितीने सोयी मिळालेली मुलं बघायला मागितली होती.

त्याने अर्ज वाचला. आवाज बरा लागला. साहेबांनी ऐकून घेतलं. "तुमच्या मुलीला किती?"

"बावन्न."

"सोयी मिळाल्या?"

"मिळाल्या."

"समाधान आहे?"

"आहे."

"मग ज्याला लागतं त्याला मिळतंय. आकडा कशासाठी काढायचा?"

मागून इस्त्रीवाल्या ताई उठल्या. कडेला मुलगा होता, भिंतीला टेकलेला. "माझ्या पोराला मिळत नाही, साहेब. त्याला अडतीस दिलेत. वर्षभर घरी बसून आहे. पण दादांच्या मुलीला बघा, दोघांचं सारखंच आहे. तीही चालते. मी या डोळ्यांनी पाहिलंय, दुकानात, कशाला न धरता."

त्यांना कुणाचं वाईट करायचं नव्हतं. त्यांना एवढंच सांगायचं होतं की दोन मुलं सारखी आहेत. पण कारकुनाची लेखणी थांबली आणि साहेबांनी चष्मा वर केला.

"चालते?"

उत्तर त्याच्यापाशी होतं. चालते साहेब, चालायला मीच शिकवलं, आणि तुमच्या आकड्यापायी पडायलाही मीच शिकवलं, आता बोला. याहून मोठा पुरावा त्या सभागृहात दुसऱ्या कुणाकडे नव्हता. एवढं बोलला असता तर आकडा हलला असता, कदाचित. आणि भिंगरीची शाळा उद्याच गेली असती, नक्की. भिंगरी त्याच्याकडे बघत होती. पहिल्या डॉक्टरांपुढे बघितलं होतं तसंच, विचारल्यासारखं.

"ताईंचा गैरसमज झालाय," तो म्हणाला. "माझी मुलगी चालत नाही. कधीच चालली नाही."

"दादा!" ताई म्हणाल्या. एवढंच.

काकांनी मान खाली घातली. साहेबांनी कारकुनाला खूण केली आणि त्याने लिहून घेतलं, लाभार्थी पालक समाधानी, चाळीसची अट कायम ठेवण्यास हरकत नाही. लिहिलेलं त्याने नियमाप्रमाणे मोठ्याने वाचून दाखवलं आणि वही पुढे सरकवली. सलूनवाल्याने सही केली.

ताईंनी मुलाचा हात धरला नाही. तो आपल्या पायांनी दारापर्यंत गेला, एक पाय ओढत, आणि ताई त्याच्या मागून. साऱ्या सभागृहाने वळून पाहिलं. साहेब पुढचा कागद चाळत होते.

संध्याकाळी घरी त्याने पलंगाजवळचा चौरंग बाजूला सारला. "चल, भिंगरे. चार पावलं."

ती पुस्तक उघडून बसली होती. "मला येत नाही."

"इथे कोण बघतंय?"

"मला येत नाही, बाबा. उद्या गृहपाठ द्यायचाय. मला टेबलापाशी न्या."

टेबल भिंतीपाशी होतं. आई चुलीपाशी पाठ करून उभी होती, वळली नाही. मग त्याने वाकून मुलीला उचललं. दहावं वर्ष संपत आलं होतं, ती आता बरीच जड झाली होती.